ऊडनाडाटा ट्रॅकवरील प्रवासासाठी मदत हवी आहे

नमस्कार. मी आणि माझी पत्नी ॲडलेडला राहतो. येत्या जुलैमध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातील मारीपासून मार्लापर्यंतचा सुमारे 620 किलोमीटरचा ऊडनाडाटा ट्रॅक स्वतःच्या फोर व्हील ड्राइव्ह गाडीने, वाटेत तंबू टाकत, पार करण्याचा आमचा विचार आहे. जुन्या घान रेल्वेमार्गाच्या कडेने जाणारा हा कच्चा रस्ता, त्यावरचे ओस पडलेले थांबे आणि काटी थांडा–आयर सरोवराचे मिठाचे पांढरे पात्र पाहण्याची हिची फार वर्षांची इच्छा आहे.

इंधन मारी, विल्यम क्रीक, ऊडनाडाटा आणि मार्ला येथे मिळते, म्हणून त्याची चिंता नाही. खरी काळजी टायरची आणि पावसाची आहे. गिबर म्हणतात त्या धारदार दगडांवरून जाताना टायरमधील हवा नेमकी किती कमी करावी आणि एकच जादा टायर पुरेल, की दोन न्यावेत? शिवाय पाऊस झाला की रस्ते बंद होतात व बंद रस्त्यावर गाडी घातल्यास मोठा दंड होतो. अशा वेळी अडकून पडल्यास किती दिवसांचा जादा शिधा व पाणी जवळ असावे?

पत्नीला दमा असल्यामुळे धुळीपासून बचाव कसा करावा, हेही अनुभवींनी कृपया सांगावे. बहुतेक भागात मोबाइलला रेंज नसते, त्यामुळे सॅटेलाइट फोन भाड्याने घ्यावा, की आपत्कालीन बीकन (संकटात उपग्रहामार्फत मदतीचा इशारा पाठवणारे छोटे उपकरण) पुरेसा आहे?