मदत हवी आहे: शाळा म्हणते मुलाला काढा, पण दाखल्याचा अर्ज आम्हीच द्यायचा

नमस्कार. मुलगा तिसरीत आहे. खाजगी विनाअनुदानित शाळा, इंग्रजी माध्यम, राज्य मंडळ. ऑटिझम आहे. जिल्हा रुग्णालयाचं प्रमाणपत्र (५० टक्के) आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) दोन्ही आहेत. स्पीच थेरपी आणि ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) चालू आहे. वाचतो छान, पाढे तोंडपाठ. पण वर्गात गलका वाढला की कान झाकून बाकाखाली जातो, कधी ओरडतो. कुणाला मारत नाही.

यंदा मुख्याध्यापिका बदलल्या. त्यांचं म्हणणं, इतर पालकांच्या तक्रारी येतात, तेव्हा एकतर तुमच्या पैशांनी शॅडो टीचर (वर्गात फक्त त्याच्याजवळ बसून मदत करणारी) ठेवा, नाहीतर विशेष शाळा बघा. आमच्या तालुक्याला शॅडो टीचर मिळणं म्हणजे आधीच कठीण, आणि मिळाली तरी तिचा पगार फीपेक्षा जास्त होईल.

गेल्या आठवड्यात ऑफिसातून छापील अर्ज हातात दिला: 'घरगुती कारणास्तव माझ्या पाल्याचा दाखला मिळावा.' सही करा, शेरा चांगला देऊ म्हणाले. तुमचं म्हणणं लेखी द्या म्हटलं, तर हसून विषय बदलला. मिस्टर म्हणतात, नको तिथे कशाला ठेवायचं. धाकटीही त्याच शाळेत आहे, त्याची वेगळी भीती.

शाळा असं काढू शकते का? शॅडो टीचरचा खर्च कायद्याने कुणाचा? आणि तक्रार करायची झाली तर कुणाकडे?

— तिसरीची आई

प्रतिसाद

ताई, आधी त्या अर्जावर सही करू नका. बाकीचं सावकाश वाचा.

— कृष्णाकाठ

प्रतिसाद

तो छापील अर्ज जपून ठेवा, परत देऊ नका. शाळेला काढता येत नाही, म्हणून तर तुमच्याकडून 'घरगुती कारण' लिहून घ्यायचंय. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १६: आठवी पूर्ण होईपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. २०१९ मध्ये नापास करण्याबद्दलचा भाग बदलला, हा बदलला नाही. विनाअनुदानित शाळेलाही तो लागू आहे.

एक गोष्ट मात्र तपासा, शाळा अल्पसंख्याक दर्जाची आहे का? २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने अशा शाळांना हा कायदा लागू नाही. तशी असली तरी हातपाय गाळू नका, कारण दिव्यांग हक्क कायदा २०१६ आहेच. त्याच्या कलम १६ प्रमाणे सरकारमान्य प्रत्येक शाळेने या गोष्टी द्याव्यात, हे बघणं सरकारचं काम आहे: भेदभाव न करता प्रवेश आणि शिक्षण, मुलाच्या गरजेनुसार वाजवी सोयी, लागेल तो वैयक्तिक आधार. आणि कलम ३१ प्रमाणे ४० टक्के किंवा त्यावर दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वयात जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. कुठली शाळा, ही निवड मुलाच्या बाजूची. मुख्याध्यापिकांनी ती करायची नाही.

शॅडो टीचरबद्दल खोटी आशा दाखवत नाही. हा शब्द कायद्यात नाही. 'पालकांनी पगार द्यावा' असंही कुठे नाही, पण 'वाजवी सोय' याच्या व्याख्येत संस्थेवर अवाजवी बोजा पडू नये असं म्हटलंय, शाळेचा वकील तेच धरून बसेल. म्हणून त्या एका मुद्द्यावर भांडू नका. बिनखर्चाच्या गोष्टी मागा: दारापासून लांब, भिंतीकडची जागा, कान झाकायचे हेडफोन, गलका झाला की पाच मिनिटं लायब्ररीत बसायची मुभा, परीक्षेला जास्तीचा वेळ. यांना बोजा म्हणणं अवघड जातं. तुमच्या ओटीच्या थेरपिस्टकडून हेच लेटरहेडवर लिहून घ्या.

— दुसऱ्या बाकावरचा बाबा

प्रतिसाद

मी विशेष शिक्षिका होते, आता निवृत्त. वरचं सगळं बरोबर आहे, तरी तुमचे मिस्टर चुकीचं बोलत नाहीत. पोराला रोज त्याच बाईंसमोर बसायचंय. जवळची जिल्हा परिषदेची शाळा एकदा बघून तर या. पट कमी असतो, गलका कमी असतो, आणि समग्र शिक्षा या सरकारी योजनेचे विशेष शिक्षक तालुक्यातल्या शाळांना भेटी देतात. गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात त्यांची चौकशी करा. एकेकाकडे फार शाळा असतात, त्यामुळे रोज कुणी येईल असं समजू नका. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिकला १० दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक सांगितला, प्रत्यक्षात कुठे आहे ते आम्हाला विचारा!

पण बदलायचीच झाली तर तुमच्या सवडीने, वर्ष संपल्यावर बदला. त्यांच्या अर्जावर नको.

— निवृत्त बाई

प्रतिसाद

सगळ्यांचे आभार. शाळा अल्पसंख्याक नाही, आज खात्री केली. झेडपीची शाळाही बघणार आहे, तिथले गुरुजी ओळखीचे आहेत. पण हे वर्ष इथेच काढायचं ठरवलंय. आता पत्र नेमकं कसं लिहू? आणि वकील लावायची ऐपत नाही.

— तिसरीची आई

प्रतिसाद

पत्र छोटं लिहा, राग नको. मराठीत चालेल:

'अमुक तारखेला आपण आम्हांस मुलाचा दाखला काढून नेण्यास सांगितले व सोबतचा छापील अर्ज दिला. आम्ही दाखल्यासाठी अर्ज केलेला नाही व करू इच्छित नाही. मुलाचे शिक्षण याच शाळेत चालू ठेवावे. सोबतच्या थेरपिस्टच्या पत्रातील सोयींबाबत आपला निर्णय लेखी कळवावा.'

दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. घेत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा, पोचपावतीसह. प्रत गटशिक्षणाधिकारी आणि जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांना. खाली तशी नोंद दिसली की बहुतेक शाळांचा सूर बदलतो.

नाहीच बदलला तर पुण्याला राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार. चौकशीसाठी साक्षीदार बोलावणं, कागद मागवणं असे दिवाणी न्यायालयाचे अधिकार त्यांना आहेत. वकिलासाठी जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं. महिला, मुलं आणि दिव्यांग व्यक्तींना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, म्हणजे तुम्ही स्वतःच्या नावानेही अर्ज करू शकता. आधार कार्ड आणि यूडीआयडीची झेरॉक्स न्या.

धाकटीचं नाव पत्रात आणू नका. तिच्या बाबतीत काही झालं तर ती वेगळी तक्रार होईल.

— दुसऱ्या बाकावरचा बाबा