भरतीचा अलार्म पहाटे उशिरा का वाजतो? (अँड्रॉइड)

हर्णैकर:
मंडळी, काकांच्या बोटीसाठी छोटं अ‍ॅप केलंय. आंजर्ल्याच्या खाडीच्या तोंडाशी गाळ, पाणी चढल्याशिवाय बोट बाहेर निघत नाही. म्हणून भरतीच्या दीड तास आधी फोन वाजायला हवा. अँड्रॉइडच्या अलार्ममॅनेजरचं सेटरिपीटिंग (ठराविक अंतराने पुन्हा वाजणारा अलार्म) लावलंय. भरती रोज पुढे सरकते म्हणून अंतर २४ तास ५० मिनिटं.

गंमत अशी, की फोन चार्जिंगला असला तर वेळेवर वाजतो. नुसता फळीवर पडून असला की तास-तास उशीर. कधी तर काका स्वतःच उठून फोन हातात घेतात आणि तेव्हा तो बोंबलतो! काका म्हणतात, "यापेक्षा माझी तिथीची पाऊणपट बरी." (तिथीचा आकडा गुणिले पाऊण, म्हणजे भरतीची वेळ.)

फोन अँड्रॉइड १४. वर्कमॅनेजरवर (मागच्या मागे कामं उरकायची अँड्रॉइडची सोय) जाऊ का? १ ऑगस्टला मासेमारी सुरू व्हायच्या आत निस्तरायचंय.

देवगडवाला:
चार्जिंगचं सांगितलंत तिथेच उत्तर आलं. हा डोझ. अँड्रॉइड ६ पासून फोन चार्जरविना, स्क्रीन बंद, न हलता पडून राहिला की सिस्टीम साधे अलार्म अडवून ठेवते आणि मधूनमधून एकदम सोडते. फोन उचलला की डोझ मोडतो, तुंबलेला अलार्म सुटतो. शिवाय सेटरिपीटिंग ४.४ पासून नेमकं राहिलेलंच नाही.

वर्कमॅनेजर इथे नको. तो 'काम कधीतरी नक्की होईल' यासाठी. उद्याचा हवामान अंदाज उतरवून ठेवायला उत्तम, तांडेलाला (बोटीच्या म्होरक्याला) उठवायला नाही.

आणि ती ५० मिनिटं काढून टाका, ती सरासरी आहे. काकांची पाऊणपटसुद्धा ढोबळच: चतुर्थीला तीनच्या सुमारास, पंचमीला पावणेचार. उधाण-भांगाप्रमाणे (मोठ्या-लहान भरतीप्रमाणे) रोजचा फरक कमीजास्त होतो. भरतीच्या तक्त्यातून फक्त पुढची एक वेळ घ्या, तिचा एकच अलार्म लावा, आणि तो वाजला की रिसीव्हरमधूनच (अलार्म वाजल्यावर चालणारा अ‍ॅपचा भाग) त्याच्या पुढचा. सेटअलार्मक्लॉक वापरा. त्याला डोझ अडवत नाही, वर घड्याळाचं चिन्हही दिसतं. काकांना तेवढाच भरवसा.

पलीकडची तर:
सेटएक्झॅक्टअँडअलाऊव्हाइलआयडल (डोझमध्येही वाजणारा नेमका अलार्म) का नको? माझं त्यावर चालतं.

देवगडवाला:
चालेल की. डोझमध्ये एका अ‍ॅपला असा अलार्म साधारण ९ मिनिटांतून एकदाच मिळतो, भरतीला ते पुरून उरतं. पण माणसाला उठवायचं असेल तर अलार्मक्लॉक, असं माझं मत. त्याच कामासाठी ते केलंय.

हर्णैकर:
बदललं, तर आता अ‍ॅप सिक्युरिटी एक्सेप्शन देऊन बंद पडतं.

देवगडवाला:
परवानगी. अँड्रॉइड १२ पासून शेड्यूल एक्झॅक्ट अलार्म ही परवानगी मॅनिफेस्टमध्ये (अ‍ॅपच्या माहितीच्या फाइलमध्ये) लागते, आणि १४ वर नव्याने टाकलेल्या अ‍ॅपला ती आपोआप मिळत नाही. आधी कॅनशेड्यूलएक्झॅक्टअलार्म्स विचारा, नाही म्हणालं तर सेटिंगचं पान उघडून द्या. १३ मध्ये आलेली यूज एक्झॅक्ट अलार्म न विचारता मिळते, पण प्ले स्टोअरवर ती मुख्यतः गजराच्या आणि कॅलेंडरच्या अ‍ॅपसाठीच मान्य आहे. घरच्या घरी एपीके (अ‍ॅपची फाइल) देणार असाल तर प्रश्नच नाही. नोटिफिकेशनची परवानगीही विसरू नका, १३ पासून तीही वेगळी मागावी लागते.

पलीकडची तर:
फोन बंद करून चालू केला की सगळे अलार्म पुसले जातात, हे कुणी बोललंच नाही. बूट कम्प्लीटेड (फोन सुरू झाल्याचा संदेश) ऐकून परत लावा. पण तो संदेश लॉक उघडल्यावरच येतो. रात्री बॅटरी संपली, कुणी चार्जर लावून फोन सुरू केला आणि पॅटर्न न काढताच झोपलं, तर अलार्म नाही. त्यासाठी लॉक्ड बूट कम्प्लीटेड (लॉक उघडण्याआधीच येणारा संदेश) ऐका, रिसीव्हर डायरेक्ट बूट अवेअर (लॉक असतानाही चालणारा) करा आणि तक्ता डिव्हाइस प्रोटेक्टेड स्टोरेजमध्ये ठेवा, नाहीतर लॉक उघडेपर्यंत तो वाचताच येणार नाही.

हर्णैकर:
आज फोन चार्जरविना फळीवर ठेवून बघितला, वेळेवर वाजला. काकांनी मात्र घड्याळाचं चिन्ह बघून विचारलं, "ह्यात पाऊस कधी थांबणार ते येतं काय?"