गरीब देशांत आधी काय हवं: मॅमोग्राफी की सोनोग्राफी?

निशिगंध:
गरीब देशांतल्या स्तनाच्या कर्करोगाचा विषय निघाला की मागणी ठरलेली: जिल्ह्याजिल्ह्यात मॅमोग्राफी मशीन, म्हणजे स्तनाचा एक्स-रे काढणारं यंत्र, बसवा. मला हे पटत नाही. निरोगी बायकांची सरसकट तपासणी नंतर. जिच्या हाताला गाठ लागलीय तिची सोनोग्राफी त्याच आठवड्यात व्हायला हवी. मी रोज हेच काम करते. पाण्याची गाठ पडद्यावर काळीभोर दिसते, कडा गुळगुळीत, मागे उजेड. कडा वेड्यावाकड्या आणि खाली सावली असली की छातीत धस्स होतं. पण तिथेच, सुई कुठे जातेय ते बघत तपासणीसाठी गाठीचा तुकडा काढता येतो. रवांडात बुटारोच्या रुग्णालयात साध्या डॉक्टरांना आणि नर्सना स्तनाची सोनोग्राफी शिकवली गेली. म्हणजे हे होऊ शकतं.

पाऊलवाट:
अनुभव मान्य, निष्कर्ष नाही. गाठ हाताला लागेपर्यंत थांबायचं ते गरीब बाईनेच का? कर्करोगाची सुरुवात दाखवू शकणारे चुन्याचे बारीक कण मॅमोग्राफीत मिठासारखे विखुरलेले दिसतात, तेव्हा हाताला काहीच लागत नसतं. सोनोग्राफीत ते बहुतेकदा निसटतात. २०२२ मध्ये जगात या आजाराने सुमारे ६ लाख ७० हजार जणी गेल्या. गरीब देशांत हा आजार कमी जणींना होतो, पण झालेल्यांपैकी जास्त जणी दगावतात. आज मशीन मागितलं नाही, तर वीस वर्षांनीही "अजून वेळ आली नाही" असंच ऐकावं लागेल.

निशिगंध:
त्या दगावतात कारण उशिरा येतात, आणि आल्यावरही ताटकळतात. लक्षण घेऊन आलेल्या बाईचं निदान ६० दिवसांत व्हावं, असं जागतिक आरोग्य संघटनेचं उद्दिष्ट आहे. आरोग्यव्यवस्था कमकुवत असेल तिथे सरसकट मॅमोग्राफीच्या आधी लक्षणं असलेल्यांचं लवकर निदान करा, हेही तिनेच २०१४ मध्ये सांगितलंय. शिवाय या देशांतल्या रुग्ण बऱ्याचदा चाळिशीतल्या. तरुण स्तन मॅमोग्राफीत पांढरा, गाठही पांढरी, म्हणून ती दिसतच नाही. मुंबईत तर दीड लाख बायकांवरच्या वीस वर्षांच्या अभ्यासात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी नुसत्या हाताने तपासलं, आणि पन्नाशीपुढच्या बायकांतले मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले.

पाऊलवाट:
पन्नाशीपुढच्या! त्याच अभ्यासात पन्नाशीच्या आतल्या बायकांना तसा फायदा दिसला नाही, आणि तुम्हीच म्हणताय की रुग्ण चाळिशीतल्या. मग हाताच्या तपासणीवर त्यांना का सोडायचं?

दगडफूल:
मी मशीन दुरुस्त करतो, म्हणून मध्ये बोलतो. एका सरकारी रुग्णालयात मॅमोग्राफीच्या खोलीला मी दोन वर्षं कुलूप बघितलं. एक्स-रेची ट्यूब गेली होती, वॉरंटी संपली होती आणि देखभालीचा करार कुणी केलाच नव्हता. सोनोग्राफीचा प्रोब, म्हणजे अंगावर फिरवायचा भाग, तोही पडून फुटतो, पण ते मशीन गरोदर बायकांनाही लागतं, त्यामुळे लगेच ओरड होते आणि दुरुस्ती होते. आणि ताई, तुम्ही काढलेला तुकडा पुढे जातो कुठे? तिथे तुकडा तपासणारा पॅथॉलॉजिस्टच नव्हता. रिपोर्टला तीन महिने लागायचे.

निशिगंध:
दादा, हे खरंय. माझ्याही दोन पेशंट रिपोर्ट येईपर्यंत परत आल्या नाहीत. सोनोग्राफीबरोबर पॅथॉलॉजीही मागायला हवी होती, ते माझ्याकडून राहिलं.

पाऊलवाट:
देखभालीचा करार आणि रिपोर्ट वाचणारं माणूस यांच्याशिवाय मशीन घेऊ नये, हे मलाही पटलं. पण मॅमोग्राफीची मागणी मी सोडणार नाही. निदान आई किंवा बहिणीला हा आजार झालाय अशा बायकांपासून तरी सुरुवात करा.