शाळेच्या ग्रंथालयात मुलांना ऑनलाइन विश्वकोश कसे वापरायला लावावेत?

पुस्तकखिडकी
आठवी-नववीचे प्रकल्प आले की मुलं गुगलवरचं पहिलंच पान उतरवून आणतात. मराठी माध्यम, सहा संगणक, नेट मधूनच जातं. पैसे न भरता कोणते कोश दाखवता येतील? आणि ३५ मिनिटांच्या तासात नेमकं काय करून घ्यायचं?

कोशकिडा
सुरुवात मराठी विश्वकोशापासूनच करा. वाईच्या विश्वकोश मंडळाचे वीसही खंड (पहिला १९७६, विसावा २०१५) नेटवर फुकट आहेत. त्याशिवाय ज्ञानमंडळांनी (म्हणजे विषयवार तज्ज्ञांच्या गटांनी) नव्याने लिहिलेल्या नोंदी वेगळ्या आहेत. मुलं दोन्हींची गल्लत करतात, म्हणून नोंद कुठली ते आधी वहीत लिहून घ्या.

शोधताना मुलं अडतात ती नावांपाशी. खंडांत आडनाव आधी येतं: ‘टिळक, बाळ गंगाधर’. ‘आयझॅक न्यूटन’ टाकून काही सापडलं नाही तर नुसतं ‘न्यूटन’ टाकायचं, कारण तिथे ‘आयझाक’ आहे. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तरी नोंद हाती लागत नाही. शेवटी लेखकाचं नाव आणि बहुधा संदर्भ असतात. तेवढं उतरवलं की अर्धं काम झालं.

नकाशेवाला
एक सांभाळा, जुन्या खंडातले आकडे जुनेच असतात. १९८१ च्या आधी छापलेल्या नोंदीत जालना आणि सिंधुदुर्ग हे जिल्हेच नसणार. २००६ च्या आधीच्या नोंदीत प्लूटो ग्रहच असणार. याचाच तास करा ना! दोघादोघांना एकेक जुनी नोंद द्या आणि आज न जुळणाऱ्या तीन गोष्टी शोधायला सांगा. वेळ पुरतो, आणि नक्कल करायला जागाच उरत नाही.

केतकरांचा ज्ञानकोशही नेटवर आहे, पण तो १९२० च्या दशकातला. आठवीच्या हाती थेट देऊ नका.

पुस्तकखिडकी
विकिपीडियाला मुख्याध्यापकांचा विरोध आहे. आणि नेट गेलं तर?

तारजोडणी
नेट गेलं तर किविक्स, म्हणजे विकिपीडिया नेटशिवाय वाचायचं फुकट सॉफ्टवेअर. मराठी विकिपीडियाची झिम फाईल (सगळे लेख एकत्र असलेली फाईल) एकदाच उतरवून एका संगणकावर ठेवा, चित्रांविना असलेली आवृत्ती हलकी पडते. किविक्समधला स्थानिक सर्व्हर सुरू केला की एक पत्ता मिळतो, तो बाकीच्या पाच संगणकांच्या ब्राउझरमध्ये टाकायचा. सगळे एकाच राउटरवर हवेत, बाहेरचं नेट नसलं तरी चालतं. पान उघडलं नाही तर बहुतेक वेळा विंडोजचा फायरवॉल (बाहेरची जोडणी अडवणारी सुरक्षा) आडवा आलेला असतो, त्यात किविक्सला परवानगी द्या. फाईल ४ जीबीच्या वर असेल तर फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर कॉपी होत नाही, तो आधी एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करून घ्या. फॉरमॅट करताना आतलं सगळं पुसलं जातं, हे ध्यानात असू द्या.

कोशकिडा
मुख्याध्यापकांचा मुद्दा अगदीच चुकीचा नाही, मराठी विकीवर चार ओळींचे लेख बरेच आहेत. पण सरसकट बंदी कशाला? वाचायला विकी, वहीत संदर्भ मात्र विश्वकोशाचा, असा नियम ठेवा. विकीचा संदर्भ द्यायचाच झाला तर ‘इतिहास पहा’मधून त्या दिवशीची आवृत्ती उघडून तिचा दुवा घ्यायचा. नाहीतर तपासायच्या वेळी पान बदललेलं असतं आणि मुलाने काय वाचलं होतं ते कळायला मार्ग राहत नाही.