खंभातच्या आखातासाठी २२ फुटी शिडाची होडी: दोन कील की एक?

वाडीकर
मकरपुऱ्यात मित्राची शेड रिकामी आहे, मरीन प्लाय आणि इपॉक्सीची सोय झाली आहे. दोन वर्षांत दोघांना झोपता येईल अशी २२ फुटी शिडाची होडी बांधायची, हे नक्की. अडलंय ते कीलवर, म्हणजे तळाखालच्या वजनदार उभ्या फळीवर.

माझं मत दोन कीलचं. आपल्या बडोद्याहून जवळचा समुद्र म्हणजे कावी-कंबोई. स्तंभेश्वराला जाऊन आलेल्यांना वेगळं सांगायला नको. ओहोटीला पिंडीवर पाणी घालून यायचं आणि काही तासांत अख्खं देऊळ बुडालेलं पाहायचं. भावनगरकडे तर उधाणाला भरती-ओहोटीतला फरक १० मीटरच्या घरात जातो. जहाजं तरंगती राहावीत म्हणून तिथल्या बंदराला लॉक गेट, म्हणजे ओहोटीला पाणी आत अडवून धरणारं दार, करावं लागलं. अशा पाण्यात एकाच खोल कीलची होडी ओहोटीला कुशीवर पडणार, आणि भरती आली की ती उठायच्या आत पाणी आत शिरायची भीती. दोन कीलवर ती सरळ बसते, तुम्ही आत चहा करू शकता. ब्रिटनमध्ये १९६९ साली आलेली २६ फुटी वेस्टर्ली सेंटॉर अशीच. पाण्याखाली फक्त ३ फूट, आणि दोन हजारांवर बांधल्या गेल्या. तिकडच्या खाड्याही ओहोटीला कोरड्या पडतात, म्हणूनच.

मांजलपूरची
दादा, शेड मिळाली हे वाचून फार बरं वाटलं. पण कीलबद्दल माझा विरोध आहे. मुंबईत नोकरीला होते तेव्हा सहा वर्षं दर रविवारी शिडाच्या होडीवर असायचे, त्या अनुभवावरून सांगते. होडी चिखलात कशी बसते याचा विचार तुम्ही आधी करताय. ती वाऱ्यासमोर कशी चढते, म्हणजे वारा येतो त्या दिशेने तिरकी कशी पुढे सरकते, हे आधी बघा. दोन कील म्हणजे पाण्याला घासणारा पृष्ठभाग जास्त, आणि दोन्ही आखूड. वाऱ्याच्या तोंडावर तिरकं जाताना अशी होडी बाजूला घसरत राहते. १९४२ च्या फोकबोट या स्कँडिनेव्हियन शिडाच्या होडीचा आराखडा बघा. २५ फुटांची, एकच लांब कील, पाण्याखाली ४ फूट, आणि एकूण वजनाच्या निम्म्याहून जास्त भार कीलमध्ये. ओहोटीला दोन बाजूंना लाकडी टेकू लावायचे.

वाडीकर
ताई, तुमचं म्हणणं मुंबईच्या पाण्याला लागू पडतं. इथलं गणित करून बघा. आपली होडी पाण्याच्या रेषेवर १९ फूट धरली, तर तिचा कमाल वेग १.३४ गुणिले १९ चं वर्गमूळ, म्हणजे ५.८ नॉट (ताशी सागरी मैल). तोही छान वारा असताना. आखातात उधाणाला प्रवाहच ५-६ नॉटांचा होतो. फोकबोट असली तरी त्याच्याविरुद्ध कुठेही पोचणार नाही. इथे प्रवाह वळायची वाट बघायची आणि त्याच्याबरोबर जायचं. मग वाट बघायची ती चिखलावर निवांत बसून का नको? शिवाय दोन्ही कील खाली बाहेरच्या बाजूला झुकवलेल्या असतात. होडी कलली की वाऱ्यापलीकडची कील उभी होते आणि पाणी धरते. आराखडा चांगला असेल तर घसरण तुम्ही म्हणता तेवढी राहत नाही.

मांजलपूरची
प्रवाहाशी झुंजा असं मी म्हणतच नाहीये. वारा तुम्हाला ज्या किनाऱ्याकडे ढकलतोय, त्या किनाऱ्यापासून सुटता यायला हवं, एवढंच. हिवाळ्यात वारा उत्तर-ईशान्येकडून, आपल्या बाजूला जमिनीवरून येतो. तेव्हा पूर्व किनाऱ्याला निभेल. पण एप्रिल-मेमध्ये नैर्ऋत्येचा वारा धरला की हाच किनारा अंगावर येतो. तेव्हा जी होडी चढते, ती वाचते.

आणि कीलमधला भार. १९७९ च्या फास्टनेट या ब्रिटनमधल्या शिडाच्या होड्यांच्या शर्यतीत ३०३ होड्या निघाल्या, वादळात १५ स्पर्धक गेले. रुंद आणि हलक्या होड्या उलटल्या की काही तशाच पालथ्या राहतात, हे तेव्हा सगळ्यांना कळून चुकलं. खोलवर भार असलेली होडी स्वतःहून सरळ होते. दोन कील करायच्याच असतील तर त्यात लोखंड किंवा शिसं किती, हे पहिल्या कागदावर लिहा. शेडमध्ये मध्येच पैसे कमी पडले की कात्री नेमकी तिथेच लागते.

ट्रेलरवाला
दोघांचंही ऐकलं. माझ्या मते होडी आखातात ठेवायचीच कशाला? वरखाली होणारी मधली फळी करा, रुंदी अडीच मीटरच्या आत ठेवा (रस्त्याच्या नियमाची मर्यादा २.६ आहे), ट्रेलरवर घाला आणि दिवाळीत दीवला, नाताळात कच्छच्या मांडवीला न्या. एका आखातासाठी अख्खी होडी बेतणं मला पटत नाही.

वाडीकर
त्या फळीच्या खाचेत इथला गाळ भरला की फळी ना वर ना खाली. आणि घरापासून दोन तासांवर समुद्र असताना होडी दुसऱ्या टोकाला ओढत न्यायची, हे माझ्या मनाला पटत नाही. मला इथल्याच पाण्यात जायचं आहे.

मालवणहून_बडोद्यात
बाळ, तुम्ही तिघंही चिखल म्हणजे एकच काहीतरी धरून चाललाय. मी नोकरीत असताना पुलांचे पाये भरले, म्हणून विचारतो: तुझ्या होडीचं वजन किती? १,८०० किलो धरू. दोन कील, प्रत्येकीचा तळ दीड मीटर लांब आणि १५ सेंटीमीटर रुंद. म्हणजे ४,५०० चौरस सेंटीमीटरवर सगळा भार, दर चौरस सेंटीमीटरला ४०० ग्रॅम. ७० किलोचा माणूस एका पायावर उभा राहिला तर तळव्याखाली ३५० ग्रॅमच्या आसपास. थोडक्यात, जिथे तुझा पाय गुडघाभर जातो, तिथे कीलही जाईल. एक जास्त गेली की होडी कलली, सरळ बसण्याचा फायदा संपला. ताईंचे टेकू तर त्याहून बारीक, ते आधी जातील. रेतीत दोन कील उत्तम, पण कादवात, म्हणजे मऊ चिखलात, जपून. तळाला रुंद पट्टी मारलीस तर दाब निम्मा होईल, पण भरतीला तीच पट्टी चिखलाला धरून बसेल.

वाडीकर
काका, हा हिशोब मी केलाच नव्हता. येत्या अमावस्येला ओहोटीच्या वेळी कावीला जातो आणि चार-पाच ठिकाणी पाय रोवून, काठी खुपसून मोजून येतो. आराखडा तोवर थांबवतो. दोन कीलचा हट्ट मात्र अजून सोडलेला नाही.

मालवणहून_बडोद्यात
एकटा जाऊ नकोस. गावातला मासेमारी करणारा कोणीतरी बरोबर घे आणि पाणी वळायच्या तासभर आधी बाहेर पड. तिथे भरती पळणाऱ्या माणसाला गाठते.

मांजलपूरची
मीही येते. मोजमाप काहीही निघो, सुकाणू कीलपेक्षा खोल ठेवू नका. होडी बसताना पहिला फटका त्यालाच बसतो.