मुलीच्या शाळेमुळे अडलंय, परदेशी जावं का? शुक्रवारपर्यंत कळवायचंय

लगबग
कंपनीने तिकडच्या ऑफिसात बदली देऊ केली आहे. पगार, घर, सामान यावर सल्ला नको, ते माझं मी बघेन. प्रश्न फक्त मुलीच्या शाळेचा आहे. मध्येच उचलून नेली तर वर्ष वाया जातं का? आत्ता न्यावी की थांबावं? ज्यांनी मुलं नेली आहेत त्यांनीच लिहा प्लीज. शुक्रवारी एचआरला हो की नाही ते सांगायचंय.

मधली_सुट्टी
तिकडे म्हणजे कुठे? मुलगी कितवीत? बालवाडीत असेल तर आज निघा, दहावीत असेल तर हलू नका. एवढ्या माहितीवर याहून जास्त सांगता येत नाही.

दिगंत
दुबई असेल तर काळजीच नको. सीबीएसईच्या शाळा भरपूर. आमच्या मुलाला सहावीत नेलं, पुस्तकंसुद्धा तीच होती.

लगबग
दुबई नाही. जर्मनी.

मधली_सुट्टी
अर्धं उत्तर आलं. इयत्ता?

आडवाटेने
जर्मनी म्हणालात म्हणून सांगतो, कुत्रा नेणार असाल तर आजच कामाला लागा. आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस, त्यानंतर किमान ३० दिवसांनी रक्त घेऊन मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत अँटीबॉडीची तपासणी, आणि रक्त घेतल्या तारखेपासून तीन महिने थांबायचं. लोकांना हे तिकीट काढल्यावर कळतं.

लगबग
आमच्याकडे कुत्रा नाही. मुलगी आहे, १४ वर्षांची. नुकतीच नववीत गेली, राज्य मंडळ, सेमी इंग्रजी. शहर स्टुटगार्ट. बहुतेक ब्लू कार्ड (उच्चशिक्षितांना मिळणारा नोकरीचा परवाना).

नेकारकाठी
स्टुटगार्ट म्हणालात म्हणून सविस्तर लिहिते, इथेच राहते.

जर्मनीत शाळा केंद्राच्या हातात नाहीत, १६ राज्यांचा कारभार वेगवेगळा. बर्लिनवाल्यांचे अनुभव आपल्याला निम्मेच उपयोगी. आपल्या राज्यात, बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये, चौथीनंतरच मुलांच्या वाटा वेगळ्या होतात: गिम्नाझियुम (थेट विद्यापीठाकडे नेणारी शाळा), रेआलशुले (दहावीपर्यंतची मधली शाळा) वगैरे. जर्मन न येणारं मूल आधी तयारीच्या वर्गात बसतं. तिथे मुख्य काम भाषेचं, मग गणित, खेळ अशा तासांना नेहमीच्या वर्गात सोडायला लागतात. असे वर्ग गिम्नाझियुममध्ये कमी असतात, त्यामुळे हुशार मूलही सुरुवातीला दुसऱ्या प्रकारच्या शाळेत दिसतं आणि आईबापांचा धीर सुटतो. माझाही सुटला होता. पण रेआलशुलेची दहावी चांगल्या गुणांनी झाली की पुढे व्यवसाय गिम्नाझियुमची तीन वर्षं करून आबिटुअर (इथली बारावी) मिळवता येतं, आणि त्यावर विद्यापीठाचं दार उघडतं. माझा मुलगा त्याच वाटेने गेला.

वर्ष जातं का? बऱ्याचदा एक इयत्ता मागे बसवतात. इथे त्याचं कुणाला काही वाटत नाही, वाटतं ते फक्त आपल्या नातेवाइकांना. आणि हो, गुणपत्रिकेत १ म्हणजे उत्तम, ६ म्हणजे नापास. हे आजीआजोबांना आधीच समजावून ठेवा.

दिगंत
एवढी यातायात कशाला? घरी बसून एनआयओएसची (भारतातल्या मुक्त शाळेची) दहावी द्या, तिकडचं वर्षही जाणार नाही.

नेकारकाठी
जर्मनीत शाळेत जाणं सक्तीचं आहे. घरी ठेवून शिकवणं चालत नाही, दंड होतो. एनआयओएस शाळा सांभाळून वरून करायचं असेल तर करा, पण नव्या भाषेत शिकणाऱ्या पोरीवर किती लादायचं?

दिगंत
मग इंटरनॅशनल स्कूल.

नेकारकाठी
फी वर्षाला १५ हजार युरोंच्या वर सहज जाते. सरकारी शाळा फुकट. कंपनी भरणार असेल तर करारात लिहून घ्या, एचआरच्या तोंडी बोलण्यावर जाऊ नका.

हिशेबनीस
सगळ्यात सोपा मार्ग कुणीच सांगत नाहीये. तुम्ही पुढे जा, मुलगी बाबांजवळ राहून दहावी करेल, मग दोघं येतील. फक्त १६ पूर्ण व्हायच्या आत यायला हवं. नंतर आलेल्या मुलांना सी-वन पातळीचं, म्हणजे बरंच वरचं जर्मन लागतं, एजंटने सांगितलंय.

मधली_सुट्टी
एजंटने अर्धाच नियम सांगितला. आई किंवा वडिलांकडे ब्लू कार्ड असेल तर मुलांना ती भाषेची अट लागत नाही. लगबग, 'बहुतेक ब्लू कार्ड' म्हणजे काय? ऑफर लेटर उघडा आणि बघा.

हिशेबनीस
म्हणजे माझं म्हणणं बरोबरच. दहावीनंतर न्या.

नेकारकाठी
व्हिसा मिळेल हो, शाळेचं काय? १६ व्या वर्षी जर्मन न येता आलेल्या मुलांना इथे बहुधा व्यवसाय शाळेत, जर्मन शिकवणाऱ्या वर्गात पाठवतात. तिथून आबिटुअरला पोचलेली मुलं आहेत, पण वाट लांबची. १४ व्या वर्षी दोन वर्षं जास्त मिळतात, त्याने फार फरक पडतो. जायचंच तर सप्टेंबरच्या मध्याआधी पोचा, शाळेचं नवं वर्ष तेव्हा सुरू होतं.

लगबग
थँक्स, हे उपयोगाचं आहे. ब्लू कार्डच आहे, बघितलं. म्हणजे आत्ताच नेणं बरं दिसतंय. फक्त तिला डॉक्टर व्हायचंय, त्याचं तिकडून होईल ना काहीतरी?

मधली_सुट्टी
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं होतं!!

ओपीडी_नंतर
मी डॉक्टर आहे, घाईत लिहितोय. महाराष्ट्रात सरकारी मेडिकल कॉलेजच्या ८५ टक्के जागा राज्य कोट्यात, आणि त्यासाठी डोमिसाइलबरोबर दहावी आणि बारावी दोन्ही राज्यातूनच हव्यात. काही अपवाद आहेत, पण खासगी नोकरीसाठी परदेशी गेलेल्यांना ते लागू नाहीत. आत्ता गेलात की ते दार बंद. नीट देऊन १५ टक्के ऑल इंडिया कोटा उरतो, तिथे चुरस किती ते सांगायला नको.

नेकारकाठी
पण इथेच मेडिकल करेल की! आबिटुअर इथलं असेल तर परदेशी विद्यार्थ्यांना लावतात ती सेमिस्टरची १५०० युरो फीसुद्धा नाही. गुण फार वरचे लागतात, ते मान्य.

ओपीडी_नंतर
करेल, आणि चांगली डॉक्टर होईल. पण मग परत येऊन भारतात प्रॅक्टिस करायची झाली तर? २०२१ च्या नियमांनुसार परदेशातली वैद्यकीय पदवी इंग्रजी माध्यमातली असावी लागते. जर्मनीतलं सरकारी मेडिकल जर्मनमध्ये. तेव्हा 'पाच वर्षं जाऊन येऊ' असा विचार असेल तर मुलीच्या बाबतीत तो बसत नाही. कायमचं राहायचं असेल तर माझा काही विरोध नाही.

हिशेबनीस
१४ व्या वर्षी सगळ्यांनाच डॉक्टर व्हायचं असतं. मला पायलट व्हायचं होतं.

ओपीडी_नंतर
मला १४ व्या वर्षी डॉक्टरच व्हायचं होतं.

आडवाटेने
जोडीदाराला ब्लू कार्डवाल्याबरोबर नोकरीची मुभा असते, भाषेची परीक्षा न देता. मिस्टरांचं बघा.

लगबग
मिस्टर तयार आहेत, घरून काम करतात. अडलंय ते माझ्यामुळेच. पाच वर्षांचाच विचार होता, करार तेवढाच आहे. ओपीडी, तुमचं वाचून रात्री तिच्याशी बोलले. ती म्हणते मेडिकल नक्की, कुठे ते नंतर बघू. परत यायचं की नाही हे आम्हीच ठरवलेलं नाही, तर तिला काय विचारणार? एचआरकडून आठवडा वाढवून घेतलाय, फी आणि परतीच्या अटी लेखी मागितल्यात. तिचा एक प्रश्न: तिकडे गिम्नाझियुममध्ये इंग्रजीशिवाय आणखी एक परदेशी भाषा लागते म्हणे, ती नव्याने शिकावी लागेल का?

नेकारकाठी
हो, लागते. उशिरा आलेल्यांसाठी वरच्या वर्गांत ती नव्याने सुरू करायची सोय असते. काही भाषांसाठी मातृभाषेची परीक्षा घेऊन तीच धरतात, पण परीक्षक मिळायला हवा. मराठीचं शाळेलाच विचारा. होकार द्या वा नकार, तिचं जर्मन आजपासून चालू करा. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला यांची अधिकृत भाषांतरं करून घ्या. आणि गोवराच्या दोन लसींची नोंद असलेलं कार्ड शोधा, २०२० पासून इथल्या शाळा ते मागतात. आमचं माळ्यावरच्या पेटीत सापडलं होतं.