साहेबांचा दौरा कळवून असावा की न कळवता?

रापी-आरी (मूळ धागा)
गेल्या महिन्यात जिल्ह्याचे एक मोठे अधिकारी आमच्या गावात 'स्थानिक उद्योगांची पाहणी' करायला आले होते. आम्ही कोल्हापूर जिल्ह्यातले, तीन पिढ्या चपला करतोय. निरोप चार दिवस आधी आला. गटारं उपसली, रस्त्यावर मुरूम पडला आणि वस्तीतल्या ज्या दोन घरांत फरशी आहे तीच दाखवायची असं ठरलं. साहेब पंचवीस मिनिटं थांबले. चपलेवरची कातड्याची वेणी कशी घालतात ते मन लावून पाहिलं. माणूस चांगला वाटला. "कातडं कुठून आणता?" असंही विचारलं त्यांनी. सांगायला तोंड उघडलं तोवर कुणीतरी हार पुढे केला.

सांगायचं होतं ते हे. २०१५ ला बैलांच्या कत्तलीवर बंदी आल्यापासून राज्यातलं कातडं कमी झालं, बाहेरच्या राज्यांतून मागवावं लागतं. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावणारे आता थोडेच उरलेत. चपलेचा हंगाम उन्हाळ्याचा, पण कातडं त्याआधी रोखीनं घ्यावं लागतं. ती रोकड व्यापारी उचल म्हणून देतो आणि मग सगळा माल त्यालाच, त्यानं ठरवलेल्या भावानं. २०१९ ला कोल्हापुरी चपलेला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, आपले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात आहेत. त्यानं नावाला संरक्षण मिळालं, उचल काही सुटली नाही.

माझं मत स्पष्ट आहे: दौरा न कळवता व्हावा.

सातबारा
मी बरीच वर्षं पंचायतीत नोकरी केली, म्हणून विरोधात लिहितोय. न कळवता आलेला अधिकारी कारागिराकडे जात नाही, तो आधी दप्तर मागतो. ग्रामसेवकाकडे दोन-तीन गावं असतात, तलाठ्याकडे सजा, म्हणजे काही गावांचा गट. त्या दिवशी ते दुसऱ्या गावात असले की अख्खा दौरा "कर्मचारी गैरहजर" यातच संपतो. तुमची माणसं बाजाराला गेलेली असली तर भेटणार कोण? आणि कळवल्यामुळे तुमच्या रस्त्यावर मुरूम तरी पडला. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान २०००-०१ ला सुरू झालं तेव्हा तपासणीला समिती येणार हे गावाला आधी माहीत असायचं. त्या धाकानंच कितीतरी गावांनी उकिरडे हलवले, शौचालयं बांधली. तयारीला ढोंग म्हणू नका.

रापी-आरी
उकिरडा डोळ्यांना दिसतो, म्हणून तिथं तपासणी चालते. उचल दिसत नाही. ती कुणीतरी बोलली तरच कळते, आणि व्यापारी शेजारी उभा असताना बोलणार कोण? त्या दिवशी तो सत्काराच्या रांगेत होता.

आडवा-उभा
मला हा वादच निरुपयोगी वाटतो. जिल्ह्याच्या अधिकाऱ्याच्या हातात काय आहे? कातड्याचा कायदा विधिमंडळाचा, कारागिरांसाठीची विश्वकर्मा योजना केंद्राची. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो, तिथं लेखी अर्ज द्या. अर्जाला उत्तर द्यावं लागतं. गप्पांना कुणी बांधील नसतं.

चंदेरी धागा
आडवा-उभा, विश्वकर्मा योजनेचंच उदाहरण घेऊ. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, १८ व्यवसाय, त्यात चर्मकारीही आहे. पहिल्या टप्प्यात ५ टक्क्यांनी १ लाखापर्यंत कर्ज मिळतं. उचल तोडायला हेच पैसे हवेत. अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीत आणि दुसरी जिल्हा समितीत होते. म्हणजे अडलेला कागद हलवणं जिल्ह्याच्याच हातात आहे. आणि लोकशाही दिनाला जायचं म्हणजे एसटीचं भाडं आणि दिवसाचं काम बुडणार. ज्याची उचल फिटत नाही तो हे कसं करणार?

अजून एक राहिलं. धाग्यात आतापर्यंत बायकांचं नाव नाही. वेणी घालणं, वादीनं म्हणजे कातड्याच्या बारीक पट्टीनं शिवणं यातलं बरंचसं काम घरातल्या बायका करतात. माझ्या आत्यांच्या दारात असाच एक दौरा आला होता. त्यांनी चहा केला आणि आत गेल्या. काम त्यांचं, उत्तरं मात्र काकांनी दिली. दौरा कळवून असो वा न कळवता, त्यांना विचारलं जाणारच नसेल तर मला दोन्ही सारखेच.

सातबारा
हे मला पटलं. नोकरीत असताना मीही यादी करताना घरातल्या पुरुषाचंच नाव लिहीत आलो. पण 'न कळवता'ला माझा विरोध कायम आहे.

रापी-आरी
चंदेरी, तुमचं वाचून आईला विचारलं. ती म्हणाली, "तारीख कळवा की, घर कळवू नका." म्हणजे गावाला दिवस माहीत असावा, माणसं थांबतील, सातबारांचा ग्रामसेवकही हजर राहील. कुठल्या दारात जायचं ते साहेबांनी आल्यावर ठरवावं. पावसाळ्यात मात्र येऊ नये. तेव्हा कातडं वाळत नाही, काम मंद असतं, धंदा दिसतच नाही. आणि मुक्काम करावा. रात्री व्यापारी घरी जातो, तेव्हा लोक बोलतात.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत तसा ठराव मांडतोय. सातबारा, ठरावाची भाषा तुम्हाला जमते. मसुदा टाकतो, तेवढा तपासून द्याल का? आईची सही पहिली असेल.

सातबारा
टाका. त्यात एक ओळ वाढवा: साहेबांनी काय ऐकलं ते लिहून पुढच्या ग्रामसभेत वाचून दाखवावं.